हवालदारभाऊंची कॉफीची गिरणी

धुळ्यात मी शाळामास्तर म्हणून गेलो त्या काळात गावात कॉफी पिणारं माणूस माझ्या माहितीत एकच होतं, आणि तेही दिवसातून एकच वाटी. ती वाटी प्यायला त्यांना पाच मिनिटंसुद्धा लागत नसत. कॉफी दळायचं यंत्र साफ करायला मात्र अख्खा रविवार पुरत नसे.

दौलत हवालदार त्यांचं नाव. आमच्या शाळेत ते कवायत शिकवायचे. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले होते. येताना मलेरिया, फौजी हिंदुस्थानी आणि ही गिरणी घेऊन आले. मलेरिया पुढे गेला, बाकीच्या दोन्ही गोष्टी राहिल्या. गाव त्यांना हवालदारभाऊ म्हणे. मी मूळचा जळगावचा. पाचव्या गल्लीत त्यांच्या घराला लागून मला दोन खोल्या मिळाल्या आणि आमचा शेजार जमला.

गिरणी म्हणजे एक चौकोनी लाकडी पेटी. वर पितळेची वाटी, वाटीच्या मधोमध वाकडा दांडा, खाली खण. वाटीत भाजलेले बुंद, म्हणजे कॉफीचे दाणे, टाकायचे, दांडा फिरवायचा, भुकटी खणात पडायची. पोटात लोखंडाचा एक दातेरी गड्डा आणि त्याच्याभोवती दातेरी कडं. सगळी करामत त्या दोघांच्या दात्यांमधल्या फटीत होती. फट कमी-जास्त करायला खाली एक लहानसा स्क्रू होता. त्याला हवालदारभाऊंशिवाय कुणी बोट लावायचं नाही, असा नियम होता. कुणाला लावायची इच्छाही नव्हती, पण नियम होता.

ही गिरणी त्यांच्याकडे आली कशी, याच्या तीन हकीकती मी त्यांच्याच तोंडून ऐकल्या. एकीत ती मेजरसाहेबाने बक्षीस दिली होती, दुसरीत बसऱ्याच्या एका म्हाताऱ्या कॉफीवाल्याने मरताना हवाली केली होती, आणि तिसरीत ती वाळूत पडलेली सापडली होती. तिन्ही हकीकतींत एक उंट होता. उंटाचं काम काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्याच्याशिवाय त्यांना गोष्ट सांगता येत नसे.

बुंद मुंबईहून यायचे. बाजारातले एक मारवाडी शेठ फक्त त्यांच्यासाठी ते मागवत आणि देताना दर वेळी विचारत, "हवालदारसाब, ये दवाई किस बीमारी की है?" घरी भागाअक्का, म्हणजे हवालदारभाऊंच्या पत्नी, तव्यावर बुंद भाजायच्या. त्या दिवशी गल्लीतल्या बायका "कुणाचं काय जळलं?" म्हणत दारात येत. मग भाऊ मूठभर बुंद वाटीत टाकून दांडा सावकाश फिरवत. मी एकदा म्हणालो, "भाऊ, जरा जोरात फिरवा की, शाळेची वेळ झाली."

ते थांबले. दांड्यावरचा हात न काढता म्हणाले, "मास्तर, जोरमां फिरावी तर ती तापस. तापनी का वास उडी जास. मंग काय पिवानं, काळं पानी?"

रविवारची सफाई मात्र बघण्यासारखी. ओट्यावर धुतलेलं धोतर अंथरायचं. त्यावर गिरणी ठेवायची. मग हवालदारभाऊ उठून उभे राहत, टाचा जुळवत आणि शाळेच्या मैदानावर देतात तसा खणखणीत हुकूम देत, "खोल!" हुकूम देऊन झाला की खाली बसत आणि तो पाळत. सगळे भाग ओळीने मांडून झाले की परत उभे राहत. "पूस!" परत खाली बसत. हुकूम देणारा आणि ऐकणारा एकच आहे, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. उलट एकदा दांड्याचा खिळा हातातून निसटला, तेव्हा त्यांनी उभं राहून स्वतःला चांगलं झापलं आणि मग खाली बसून मान खाली घालून ऐकून घेतलं.

पाणी अजिबात नाही. पाण्याने लोखंड गंजतं, लाकूड फुगतं. कोरड्या ब्रशने दात्यांतली जुनी भुकटी काढायची. कॉफीला अंगचं तेल असतं. ते दात्यांत राहिलं की खवट होतं आणि नव्या कॉफीला तो वास येतो. ते तेल ओढून घ्यायला मूठभर कोरडे तांदूळ दळायचे. मग कोरडं फडकं. शेवटी दांड्याच्या बुडाला काडीच्या टोकाने तेलाचा एक थेंब, तो दात्यांपर्यंत पोचणार नाही असा. खण उन्हात ठेवायचा नाही, सावलीत वाऱ्याला ठेवायचा. एवढं करून गिरणी जोडली की दांडा रिकामाच एकदा फिरवायचा आणि पेटीला कान लावून ऐकायचं. चेहरा असा, की डॉक्टर रोग्याच्या छातीला कान लावून बसलाय.

"पिवाले काय, कोनीबी पी," ते म्हणायचे. "पुसाले मानूस लागस."

भागाअक्का त्या गिरणीला "तुमना लाकडी आंडोर" म्हणायच्या. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. त्यांना मुलगी एकच, शेवंता. ती लहानपणापासून बापाजवळ ओट्यावर बसून हे सगळं बघत आली होती आणि गिरणी डोळे मिटून खोलू-जोडू शकत होती.

ब्रशचीही एक भानगड होती. नारळाचा काथ्या फार राठ, मोराचं पीस फार मऊ. शेजारी गफूरभाई टांगेवाले राहायचे, त्यांच्या घोड्याच्या शेपटीवर भाऊंचा डोळा होता, पण मागायचं कसं? तो प्रश्न कोंबड्याने सोडवला. झालं असं, की सफाईचे तांदूळ दळून तपकिरी होत, त्यांना कॉफीचा दरवळ येई, आणि भाऊ ते परसात टाकून देत. ते गफूरभाईंचा कोंबडा खाऊ लागला. थोड्याच दिवसांत कोंबड्याचा दिवस-रात्रीचा हिशेब सुटला. तो भर दुपारी बांग देई, तिन्हीसांजेला बांग देई, आणि मधेच छपरावर चढून विनाकारण लांबवर बघत बसे. गफूरभाईंची म्हातारी आई जन्मभर कोंबड्याच्या बांगेवर उठणारी. ती दुपारच्या झोपेतून उठून चूल पेटवायची आणि सगळ्यांना न्याहारीला हाका मारायची.

गफूरभाई भांडायलाच आले. "हवालदारभाऊ, तुम्हना तांदूळना पायी मना घरमां रोज दोन सकाळी व्हतंस!"

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तांदूळ आजपासून खड्डामां पुरी टाकसू," ते म्हणाले. आणि पुढे विचारलं, "पन गफूरभाई, तुम्हना घोडाले शेपटीना इतला केस कसाले लागतंस?"

गफूरभाई भांडण विसरून विचारात पडले. घोड्याला शेपटीचे इतके केस खरोखर कशाला लागतात, याचं उत्तर त्यांना सुचेना. त्याच दिवशी भाऊंचा ब्रश बांधला गेला.

कापसाच्या हंगामातली एक गोष्ट तर गल्लीत पुढे कित्येक वर्षं सांगितली जायची. भाऊंचं घर गल्लीच्या तोंडाशी, समोरून बाजाराकडे जाणारा रस्ता. त्या रविवारी गिरणी ओट्यावर खोललेली होती, दाते उघडे होते, आणि रस्त्याने कापसाची गाडी आली. धूळ उडत होती, वर कापसाची तुसं तरंगत होती. भाऊंनी गाडीवानाकडे न बघताच पंजा उंच केला. खाकी अर्धी विजार, पिळदार मिशा, उंच पंजा! गाडीवानाने कासरे ओढले आणि ओट्यावर बसलेल्या मला विचारलं, "कोन शेतस हाई?"

"हवालदार आहेत," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

गाडीवानाने गाडी तिथेच उभी केली. मागून दुसरी गाडी आली, ती थांबली. तिच्यामागे तिसरी. पुढे काय चाललंय हे मागच्यांना दिसत नव्हतं. कुणी म्हणालं तपासणी आहे, कुणी म्हणालं कलेक्टरसाहेब येणार आहेत. रांग पार बाजाराच्या चौकापर्यंत गेली. लोकांनी बैल सोडले, विड्या पेटवल्या. एक फुटाणेवाला येऊन रांगेच्या मधोमध बसला. मग खराखुरा पोलीस आला. त्याने चौकशी केली, "हवालदारनं थांबाडं शे" असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. त्याने लांबूनच ओट्याच्या दिशेने सलाम ठोकला आणि गाड्या नीट एका ओळीत लावून घेतल्या.

भाऊंचं दात्यांत लक्ष. सगळं पुसून, जोडून, कान लावून झालं, तेव्हा त्यांनी मान वर केली. समोर डोळा पोचेल तिथवर गाड्याच गाड्या. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हाई काय शे मास्तर? आज बजार शे का?"

शेवंताचं लग्न ठरायची वेळ आली ती ह्याच गिरणीच्या सावलीत. जळगावचं स्थळ आलं. मुलगा मुरलीधर, कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून. वडील नथूआबा, आवाजाला जड आणि रागाला हलके. पण त्या घरात खरी सत्ता मुरलीधरच्या आत्याची, मथुराआत्यांची. त्यांना अर्धशिशीचं जुनं दुखणं होतं. कपाळाला कायम फडकं आवळलेलं असायचं आणि त्या फडक्याच्या खालून त्या सगळ्या जगाकडे रागाने बघत.

मुरलीधरला सुटी रविवारीच, म्हणून मंडळी रविवारी येणार होती. भागाअक्कांनी आठवडाभर आधीपासून बजावलं, "या रईवारले ती खोलू नका." भाऊंनी शब्द दिला. पण त्या सकाळी कॉफी दळताना त्यांना आतून कुरकुर ऐकू आली. मला हाक मारून त्यांनी पेटी माझ्याही कानाला लावली. मला काही ऐकू आलं नाही. "तुम्ही मराठी शिकाडतस," ते समजुतीने म्हणाले आणि गिरणी खोलली.

मंडळी ठरलेल्या वेळेच्या बरीच आधी पोचली. टांगा दारात थांबला तेव्हा मधल्या खोलीत गिरणीचे सगळे भाग धोतरावर मांडलेले. भागाअक्कांनी झडप घालून धोतराची चारी टोकं धरली आणि ते गाठोडं मागच्या पडवीत, भांडी घासायच्या जागेजवळ नेऊन ठेवलं. भाऊंनी अंगरखा चढवला. पाहुणे सतरंजीवर बसले. शेजारी म्हणून मीही बसलो.

बोलणी चांगली चालली होती. मुरलीधर मान खाली घालून बसला होता. मथुराआत्या पाय धुवायला म्हणून मागे गेल्या. त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या पदराला हात पुसत, आणि हातात ताट. ताटात राखेने आणि चिंचेने घासून, भरपूर पाण्याने धुऊन लखलखीत केलेला तो दातेरी गड्डा, कडं, दांडा, स्क्रू, सगळं. पाणी अजून ठिबकत होतं.

"माय वं, कंदिलाचे हे भाग किती काळे केले व्हते!" आत्या मोठ्या मनाने म्हणाल्या. "मले बघवेना. घासून ठेवले."

भागाअक्कांनी डोळे मिटून घेतले. मी भाऊंकडे बघितलं. आता हा माणूस काय करणार, याची मला खरंच भीती वाटली. एकुलत्या एका मुलीचं लग्न त्या ठिबकणाऱ्या ताटावर येऊन उभं होतं.

हवालदारभाऊ ताडकन उठले. टाचा जुळल्या.

"सावधान!"

मुरलीधर उठून ताठ उभा राहिला. शाळेत कवायत केलेली, पायांनी आपणहून ऐकलं. नथूआबाही अर्धवट उठले आणि मग आपण का उठलो हे न कळून तसेच राहिले.

पुढचं सगळं पलटणीत व्हावं तसं झालं. प्रत्येकाच्या हातात कोरडं फडकं आलं. नथूआबांच्या हातात सूप देऊन त्यांना वारा घालायला बसवलं. "शेवंता!" भाऊंनी हाक मारली, आणि दाखवायची म्हणून नटवून आत बसवलेली मुलगी पोह्यांची ताटली ठेवून धावत आली. तिने नुसतं ताटाकडे बघितलं, पदर खोचला आणि दातेरी गड्डा चिमट्यात धरून चुलीच्या निखाऱ्यांवर ऊब द्यायला बसली. मुरलीधर तिच्या समोर बसून स्क्रूच्या भोकात फुंकर घालत होता.

"उलटा धरा शे तुम्ही," शेवंता म्हणाली. तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य तेच.

त्याने सुलटा धरला. "आता?"

"आता फुंका. थुंकी उडू देऊ नका."

नथूआबांच्या लक्षात हळूहळू येत होतं, की आपण सूप हलवतो आहोत. त्यांनी ते खाली आपटलं. "आम्ही पोरगी पाहायला आलो, लोखंड वाळवायला नाही! मुरलीधर, ऊठ. निघू आपण."

मुरलीधर जागचा हलला नाही. तो बापाच्या पुढे फारसा बोलत नसे, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र म्हणाला, "आबा, स्क्रू माझ्या हातात आहे. बसवल्याशिवाय कसा उठू?"

गिरणी जोडली गेली. भाऊंनी कान लावला. मग पोटातलं उरलंसुरलं पाणी आणि राख निघावी म्हणून तांदूळ दळले, ते फेकले, परत दळले, आणि शेवटी बुंद टाकले. त्या दिवसाची कॉफी मी प्यायलो आहे. तिला राखेची, चिंचेची आणि लोखंडाची चव होती. नथूआबांनी एक घोट घेऊन वाटी लांब सरकवली आणि वहाणा शोधायला लागले. लग्न मोडल्यातच जमा होतं.

मथुराआत्यांनी वाटी संपवली होती. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा विचित्र दिसत होता. थोड्या वेळाने त्यांनी कपाळावरचं फडकं सोडलं. डोकं डावीकडे वळवून बघितलं, उजवीकडे वळवून बघितलं.

"दादा," त्या भावाला म्हणाल्या, "माझं डोकं थांबलं."

"काय थांबलं?"

"दुखायचं थांबलं. किती वर्षांनी! खाली बैस तू."

नथूआबा वहाणेत एक पाय घालून तसेच खाली बसले. आत्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. मुलगी पसंत. देणं-घेणं काही नको, मानपान नको. फक्त ही गिरणी मुलीबरोबर जळगावला यायला हवी.

सगळे हसले. केवढीशी ती मागणी! भागाअक्कांना तर दोन आनंद एकदम झाले होते आणि त्यांना ते लपवता येईनात. हसले नाहीत ते फक्त हवालदारभाऊ आणि शेवंता. भाऊ उठले आणि बाहेर पडले. भागाअक्कांनी मला खुणेने त्यांच्या मागे पाठवलं.

ते पांझरेच्या काठी एका दगडावर बसले होते. मी शेजारी बसलो. "भाऊ, मुलगी चांगल्या घरी जातेय," मी म्हणालो. "मुलगा गुणी आहे. स्क्रूही नीट बसवला त्याने."

"आंडेरनी काळजी नही मास्तर," ते म्हणाले. "ती संभाळी लेई. गिरणीले कोन संभाळी?" नदीत कुणीतरी म्हैस धूत होतं, तिच्याकडे ते बघत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "घरमाईन दोन्ही एकच दिन जातीन."

परत येऊन त्यांनी होकार दिला. अट एकच घातली: दर महिन्याला आपण स्वतः जळगावला येऊन गिरणी साफ करणार. आत्यांनी ती आनंदाने मान्य केली.

लग्न धुळ्यातच झालं. पाठवणीच्या वेळी भाऊंनी मुरलीधरचे दोन्ही हात धरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, शब्द फुटत नव्हता. कसाबसा फुटला तो असा: "तिले पानीना जवळ जाऊ देऊ नका!" ऐकणाऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बोलणं गिरणीबद्दल होतं, हे मला कळलं, शेवंताला कळलं. सासरच्या मंडळींना कळलं नाही. जळगावला त्यांनी किती तरी महिने शेवंताला आडावर जाऊ दिलं नाही, धुण्याला हात लावू दिला नाही. तिने हंड्याकडे नुसतं बघितलं तरी मथुराआत्या ओरडायच्या, "राहू दे वं! तुझ्या बापानं रडत सांगितलंय."

पुढे माझी बदली जळगावच्या शाळेत झाली, आणि शेवंताचं घर माझ्या वाटेवर पडू लागलं. भाऊ दर महिन्याला यायचे. मुलीच्या घरचं अन्न-पाणी बापाने घ्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्यातली रीत. कुणी म्हणे, नातवंड झालं की ती सैल होते. शेवंताला मुलगी झाली तरी भाऊंनी ती सैल केली नाही. धुळ्याहून फडक्यात भाकरी आणायचे आणि फौजी बाटलीत पाणी आणायचे. बाप म्हणून त्यांना त्या घरी असं उठून येता आलं नसतं. पण ते बाप म्हणून येतच नव्हते. गिरणी साफ करणारा माणूस म्हणून यायचे, ओट्यावरच बसायचे, आणि मग दिवसभर बसायला कुणाची हरकत नव्हती.

शेवंता उंबऱ्यात बसायची. मी एकदा वाटेत थांबलो असताना त्यांचं बोलणं ऐकलं.

"कोनी जोरमां फिरावस नही ना?" भाऊंनी दात्यांवरून ब्रश फिरवत विचारलं.

"नही, बाबा."

"आवाज येस का?"

"कधी कधी येस. मंग आपोआप थांबस."

"कोरडी ठेवतंस ना?"

"ठेवतंस, बाबा."

भाऊंनी मान हलवली आणि खण वाऱ्याला ठेवला.

मग दुसरी लढाई आली. माल येईना, शेठजींनी हात वर केले, बुंद मिळेनासे झाले. मथुराआत्यांचं डोकं परत दुखायला लागलं. त्या गिरणीचा रिकामा खण नाकाशी धरून बसायच्या आणि तेवढ्यानेही थोडं बरं वाटतं म्हणायच्या. गिरणीत दळायला काहीच नव्हतं. तरी हवालदारभाऊ दर महिन्याला येत राहिले. ओट्यावर धोतर अंथरत, "खोल!" म्हणत आणि खोलत. नथूआबा तोवर थकले होते, ते खाटेवर पडल्या पडल्या म्हणायचे, "आज हवालदार आले, म्हणजे महिना झाला." कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

अशाच एका सकाळी मी मुरलीधरकडे कामासाठी गेलो. तो घरी नव्हता. शेवंता मागच्या पडवीत गिरणी मांडीत धरून दांडा फिरवत होती. मला वाटलं बुंद मिळाले. जवळ गेलो तर वाटीत फुटाणे. ती दचकली, मग ओठांवर बोट ठेवलं.

"बाबा आताच्या गाडीनं येतील," ती म्हणाली. "गिरणी स्वच्छ दिसली तर लवकर निघून जातील."

लढाई संपली, तरी बुंद काही मिळायला लागले नाहीत. स्वराज्य येणार म्हणून बोलणी चालली होती, त्या हिवाळ्यात मी हवालदारभाऊंना शेवटचं बघितलं. मी कुणाला तरी गाडीत बसवायला जळगाव स्टेशनात गेलो होतो. चाळीसगावकडे जाणारी पॅसेंजर उभी होती. चाळीसगावला उतरून ते धुळ्याची गाडी पकडत. खिडकीशी बसलेले दिसले. खूप वाळले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मी खिडकीशी गेलो.

"भाऊ, कशी आहे गिरणी?"

"मस्त शे."

इतक्या वर्षांत मी त्यांना कधी उलट प्रश्न केला नव्हता. त्या दिवशी राहवलं नाही. "भाऊ, गावात कॉफीचा दाणा नाही. मग तुम्ही पुसता काय?"

त्यांनी डब्यात इकडे-तिकडे बघितलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "फुटाणा दळस ती. तिले वाटस, माले समजत नही."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मास्तर, कॉफी कोनती अन् फुटाणा कोनता, माले समजाव नही का?" ते जरा रागावलेच. मग आवाज खाली आला. "मी दात्यास्माईन बठ्ठं पीठ झाडी लेस. फेकत नही. आते तर ती त्यामां थोडं जिरंबी टाकस. माले जिरं आवडस, तिले ठाऊक शे."

गार्डाची शिटी झाली. गाडीला हिसका बसला आणि ती हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो. हवालदारभाऊंनी अंगरख्याच्या खिशातून एक कागदाची पुडी काढली, मांडीवर ठेवली, जपून उलगडली. आत चिमूट-दोन चिमूट पिवळं पीठ होतं. दुसऱ्या खिशातून गुळाचा खडा निघाला. मुलीच्या घरच्या पाण्याचा घोट कधी न घेतलेला तो माणूस त्या पिठात बोट बुडवून सावकाश चाटू लागला. डब्यातली माणसं बघत होती, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. फलाट संपला, डबा वळणावर दिसेनासा झाला, तोवर ते खातच होते.